कोड आण्णांच्या फोनवर, फाईल माझ्यासमोर

प्रश्न : ताई, नमस्कार. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब आणि पत्रव्यवहार बघते. परदेशातल्या एका खरेदीदारानं नव्या ऑर्डरची माहिती पाठवलीय, पण नेहमीसारखी मेलला जोडून नाही. मेलमध्ये नुसती लिंक. ती उघडली की पान म्हणतं, ओळख पटवा, कोड पाठवतो. मी 'सेंड कोड' दाबते आणि कोड जातो आमच्या मालकांच्या मेलवर, कारण पहिल्यापासून सगळा व्यवहार त्यांच्याच आयडीवर आहे. लिंकचा मेलही त्यांनीच मला फॉरवर्ड केला होता. आण्णा दिवसभर मागांजवळ. फोन उचलायचा, चष्मा शोधायचा, मेल उघडायचा आणि त्या खडखडाटात आठ आकडे मला ओरडून सांगायचे. घाईत असले की ते आकडे तेलुगूत सांगतात. 'ऐदु' म्हणाले की 'एडु', पाच की सात, त्या आवाजात कळत नाही. मराठीत सांगितले तर जोडीनं सांगतात, मग एकोणसाठ की एकोणसत्तर हा घोळ. तीनदा चुकलं. चौथ्यांदा नीट टाकला तर म्हणे मुदत संपली. आण्णा वैतागले. म्हणाले, "ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून बँकवाले रोज मेसेज पाठवतात आणि तू मला दिवसातून चारदा विचारतीस. ही फसवाफसवी तर नाही ना?" आता मलाही शंका यायला लागलीय. पण टॉवेलचं वजन, किनारीची रुंदी, लेबल कुठं शिवायचं, सगळं त्या फाईलमध्ये आहे. त्याशिवाय माग लावता येत नाही.

— हिशेबनीस, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : आधी आण्णांना सांगा, की त्यांची शंका अगदी रास्त आहे. त्यांच्या वयाच्या माणसाला एवढा संशय येतो हे मला फार बरं वाटलं. फसवणूक मात्र इथे दिसत नाही. खरेदीदार ओळखीचा, ऑर्डर अपेक्षित, आणि कोड तुम्ही स्वतः मागवलात म्हणून आला. तुमचा घोटाळा निराळाच आहे. ज्या दारावर आण्णांचं नाव आहे त्या दारातून तुम्ही आत शिरायला बघताय.

जोडीनं आकडे सांगण्यावरून मला माझी नोकरी आठवली. मी टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजला होते. पहिल्याच आठवड्यात आमच्या सुपरवायझर बाईंनी दम दिला होता, की नंबर जोडीनं सांगायचा नाही, एकेक आकडा सुटा सांगायचा. मराठीत एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे तिघे सख्खे भाऊ, लाईनवर खरखर असली की ओळखू येत नाहीत. तेव्हा आण्णांनाही ही सवय लावाच. पण हा कोड फोनवर सांगण्यासाठी नव्हे. त्याकडे येते.

हा कोड काय करतो ते नीट समजून घ्या. बऱ्याच जणांना वाटतं कोड म्हणजे फाईलच्या कुलपाची किल्ली. तसं नाही. फाईल ठेवलेल्या संगणकाला एकच गोष्ट पडताळायची असते. अमुक मेल आयडीच्या माणसाला फाईल दाखवा असं पाठवणाऱ्यानं सांगितलंय, तर समोर बसलेल्या माणसाच्या हातात ती मेलपेटी खरोखर आहे का? म्हणून तो एक आकडा मनाला येईल तसा तयार करतो, त्या पेटीत टाकतो आणि विचारतो, काय टाकलं सांगा. सांगता आलं म्हणजे पेटी तुमची. एवढंच. पासवर्डची कटकट नाही, नवं खातं काढायला नको, म्हणून कंपन्यांना ही पद्धत आवडते.

माझे वडील नरसिंग गिरजी मिलमध्ये होते. भोंग्याच्या अधेमधे बाहेर जायचं तर खात्यातून गेटपास घ्यावा लागे. चिठ्ठीवर नाव आणि वेळ. गेटवरचा वॉचमन ती घेई आणि तिथल्या तिथं फाडून टाकी, म्हणजे तीच चिठ्ठी दाखवून दुसरा कुणी सटकायला नको. तुमचा आठ आकडी कोड तशी फाडून टाकायची चिठ्ठी आहे. एकदा वापरला की संपला, आणि वापरला नाही तरी वेळ झाली की संपला. एकदाच चालणाऱ्या पासवर्डची ही कल्पना काही कालची नव्हे, लेस्ली लॅम्पोर्ट नावाच्या संगणकशास्त्रज्ञानं 1981 साली ती मांडली होती. आपल्याकडे ती घराघरात पोचली बँकांमुळे, म्हणून ओटीपी म्हटलं की आपल्याला पैसेच आठवतात.

मुदत किती, ते सेवेवर अवलंबून. मायक्रोसॉफ्टच्या कुलूपबंद मेलला येणारा कोड 15 मिनिटं चालतो. त्यांच्याच फाईल शेअरिंगमध्ये बाहेरच्या माणसाला पाहुणा म्हणून आत घेतात, तिथे 30 मिनिटं मिळतात आणि एकदा आत गेलात की साधारण दिवसभर पुन्हा विचारत नाहीत. कंपनीच्या गूगल खात्यावरून गूगल खातं नसलेल्याला फाईल दिली तर मेलवर पिन येतो, आणि मग 7 दिवस शांतता. आठ आकड्यांच्या कोडच्या 10 कोटी शक्यता होतात. अंदाजानं तो काढायचा तर 15 मिनिटांत किती वेळा बोट चालणार, आणि चार-सहा चुकांनंतर पान दारच बंद करतं. आण्णांचा चष्मा सापडेपर्यंत मुदत संपते हा त्रास खरा, पण ती मुदत चोरासाठी आहे.

आता फॉरवर्डचं. आण्णांनी तुम्हाला लिंक पाठवली म्हणून फाईल तुम्हाला मिळाली असं होत नाही. खरेदीदारानं शेअर करताना 'स्पेसिफिक पीपल' म्हणजे ठरावीक माणसं असा पर्याय निवडलाय आणि त्यात आण्णांचा आयडी घातलाय. ती लिंक तुम्ही सबंध चाटी गल्लीला वाटलीत तरी कोड आण्णांच्याच पेटीत पडणार. तुम्हाला हे अडचणीचं वाटतं, खरेदीदाराला नेमकं हेच हवं आहे. साधी जोडलेली फाईल एकदा सुटली की ती कुठल्या कारखान्यात कुठल्या मागावर पोचेल याचा भरवसा नाही. आपल्या गावात डिझाईन पाय फुटल्यासारखं फिरतं हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय अशा शेअरमधून खरेदीदार उद्या एखादं नाव काढून टाकू शकतो, तारीख घालून दार बंद करू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या कागदाचं तसं करता येत नाही.

तर उपाय साधा आहे, आणि गंमत म्हणजे तो चार कोड मागवण्याच्या आत होण्यासारखा होता. आण्णांच्या आयडीवरून खरेदीदाराला दोन ओळींचा मेल जाऊ दे, की ऑर्डरचे कागद आमच्या हिशेबनीस बघतात, कृपया फाईल त्यांच्या या आयडीलाही शेअर करा. बस. नवी लिंक तुमच्या पेटीत येईल, कोडही तुमच्याच पेटीत येईल, आण्णा मागांजवळ निवांत. मेल आण्णांकडूनच जायला हवा बरं का, तुमच्याकडून नको. समोरचा शहाणा असेल तर अनोळखी आयडीवरून आलेल्या 'मलाही द्या'ला तो भीक घालणार नाही, आणि घालू नये.

कोडचा मेल आण्णांनी तुम्हाला फॉरवर्ड केला तर? चालेल. कोड टाकणारं बोट कुणाचं हे संगणकाला दिसत नाही. पण करू नका. आज तुम्ही विचारलंत म्हणून आण्णांनी आकडे सांगितले. त्याच सवयीनं उद्या ते तुमच्यासारखा आवाज काढणाऱ्याला सांगतील. कारखान्यात 'ऑफिसमधून बोलतेय, कोड सांगा' हे वाक्य रोजचं झालं की ठगाला वेगळी थाप शोधावी लागत नाही. मालक बाहेरगावी आणि गाडी भरून उभी, अशी वेळ आलीच तर आण्णांनीच त्यांच्या फोनवर लिंक उघडावी, कोड तिथंच टाकावा आणि आतलं बघून तुम्हाला सांगावं. टॉवेलचं वजन फोनवर ओरडून सांगितलं तर कुणाचं काही जात नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्याची पेटी त्याची फाईल, असा हा सगळा कारभार. मग आण्णांची पेटी खरंच आण्णांच्या हातात आहे का? आपल्याकडच्या कारखान्यांत मालकाचा मेल आयडी बहुधा पुतण्यानं नाहीतर जुन्या मुनीमजींनी काढून दिलेला असतो. पासवर्ड त्यांना माहीत. पासवर्ड विसरला तर मदतीला लागणारा मोबाईल नंबरही त्यांचाच. मुनीमजी नोकरी सोडून जाऊन चार वर्षं झाली तरी तो नंबर तिथंच. असं असेल तर कितीही आकडी कोड आला तरी तो त्यांच्याही घरात पडतोय म्हणा. आज संध्याकाळी माग थांबले की आण्णांना शेजारी बसवून मेल खात्याच्या सेटिंगमध्ये रिकव्हरीचा नंबर बघा, तो आण्णांचा करा, पासवर्ड बदला, टू-स्टेप पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण विचारणारी, चालू करा आणि कुठकुठल्या फोनवर खातं उघडं आहे त्या यादीतली अनोळखी नावं काढून टाका. अर्ध्या तासाचं काम.

फाईल उघडली आणि उतरवून घेण्याची मुभा असली तर ऑर्डर नंबर घालून ऑफिसच्या संगणकावर एक प्रत ठेवा. खरेदीदारानं डाऊनलोड बंद ठेवलं असेल तर वजन आणि मापं वहीत उतरवून घ्या, नाहीतर पुढच्या आठवड्यात दार बंद झालेलं असेल.

प्रश्न : माझ्या फ्लॅटच्या कराराचा मसुदा वकिलांच्या ऑफिसनं कुलूपबंद मेलनं पाठवला आहे. वाचायला कोड लागतो. मी पाच वेळा कोड मागवला, पाचही आले, एकही चालला नाही. मी निवृत्त गणित शिक्षक आहे, आकडे टाकताना माझी चूक होत नाही.

— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : गुरुजी, आकडे बरोबरच असतील, पण चिठ्ठी जुनी असेल. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण माझंही असंच झालं होतं. ह्यांच्या पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट एका सेंटरनं असाच पाठवला. कोड यायला दोन मिनिटं लागली. मला धीर कुठला? पुन्हा बटण दाबलं. पुन्हा दाबलं. असं पाचदा झालं, मग पाचही मेल एकदम येऊन पडले. बहुतेक ठिकाणी नवा कोड मागवला की आधीचा त्याच क्षणी बाद होतो. म्हणजे पाचांत जिवंत एकच. आणि जीमेल काय करतं, एकाच विषयाचे मेल एकाखाली एक लावून एकच गठ्ठा दाखवतं. त्यात जुना वर, नवा सगळ्यात खाली. मी गठ्ठा उघडून डोळ्यांसमोर आलेला पहिला कोड टाकत होते, म्हणजे नेमका मेलेला. तासभर सेंटरवाल्यांना नावं ठेवली. मुलीनं बोटानं गठ्ठा खाली सरकवला आणि शेवटचा कोड टाकला, रिपोर्ट उघडला. यकृताला थोडी चरबी, बाकी काही नाही. शेंगाचटणी बंद झाली तेवढी.

तेव्हा आता असं करा. बटण एकदाच दाबा आणि चहा ठेवा. पाच मिनिटांत मेल आला नाही तर स्पॅममध्ये बघा, असे मेल तिकडे फार जातात. ज्या पानावर कोड मागवला ते पान बंद करू नका. मायक्रोसॉफ्टच्या कुलूपबंद मेलमध्ये कोडसोबत एक संदर्भ क्रमांक येतो, तोच पानावरही लिहिलेला असतो. दोन्ही जुळले तरच तो कोड त्या पानाचा. गणिताच्या माणसाला ही खूण आवडेल. फोनवर कोड बघायला मेलमध्ये गेलात आणि परत आल्यावर पान नव्यानं उघडलं, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. म्हणून जमल्यास मेल फोनवर बघा आणि पान संगणकावर ठेवा. संगणक नेट कॅफेतला असेल तर 'मला साइन इन ठेवा' या चौकोनात टिचकी मारू नका, नाहीतर तुमच्यामागून बसणारा पोरगा तुमच्या कराराचा मसुदा वाचत बसेल.

प्रश्न : माझं विजापूर वेशीत कापडाचं दुकान आहे. एकानं फोन केला की तुमच्या मालाच्या बिलाची फाईल पाठवलीय, ती उघडण्यासाठी तुम्हाला सहा आकडी कोड आलाय, तो सांगा म्हणजे इकडून उघडून देतो. कोड खरंच आला होता. मी सांगितला. त्यानंतर माझं व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं आणि माझ्या नावानं पाहुण्यांकडे पैसे मागताहेत. आता?

— एक दुकानदार, विजापूर वेस

उत्तर : आधी काम, बोलणं मागून. व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा उघडा, तुमचाच नंबर घाला. नवा सहा आकडी कोड तुमच्या सिमवर येईल, तो टाका. तो टाकला की समोरच्याच्या फोनवरचं तुमचं व्हॉट्सअ‍ॅप आपोआप बाहेर फेकलं जातं. यापुढे आणखी एक पिन मागितला आणि तो तुम्ही ठेवलेला नसेल, तर त्यानं ठेवलाय असं समजा. मग तुम्हाला 7 दिवस थांबावं लागेल, पण तोही तोवर बाहेरच राहतो. पाहुण्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर नव्हे, साधे फोन करा. कुणी पैसे पाठवले असतील तर त्यांनी तासाभराचाही उशीर न करता सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाईनवर कळवावं. खातं परत आलं की टू-स्टेप पिन स्वतः घाला.

आता बोलते. वरच्या आण्णांसारखा संशय तुम्हाला का आला नाही? फाईल पाठवणाऱ्याला तुमच्या कोडची गरज कधीच नसते. फाईल तर त्याच्याचकडे आहे! कोड लागतो तो उघडणाऱ्याला. आणि मेसेजमध्ये आकड्यांच्या शेजारी हा कोड कशाचा हे लिहिलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपचं नाव तिथं होतं, तुम्ही फक्त आकडे वाचलेत. बँकेच्या मेसेजमध्येही बहुधा रक्कम असते. ती ओळ आधी वाचायची, आकडे नंतर.

याचाच दुसरा प्रकार व्यापाऱ्यांकडे सध्या फिरतोय. 'तुम्हाला फाईल शेअर केली' असा हुबेहूब मेल येतो आणि उघडणारं पान कोड पाठवायच्या ऐवजी तुमच्या मेलचाच पासवर्ड मागतं. मायक्रोसॉफ्ट किंवा गूगलचं खातं असलेल्यांना खरी पानंही कधीकधी साइन इन करायला सांगतात, त्यामुळे फसायला होतं. अशा वेळी वरची पत्त्याची पट्टी अक्षर अक्षर वाचा. तरी मन खात असेल तर ते पान बंद करा, पाठवणाऱ्याला तुमच्या वहीतल्या नंबरवर फोन लावा, मेलमध्ये छापलेल्या नंबरवर नको.

प्रश्न : आधारची फाईल डाऊनलोड केली. उघडताना पासवर्ड मागते. ओटीपीची वाट बघत बसलो, येतच नाही.

— एक विद्यार्थी, होटगी रोड

उत्तर : येणारही नाही. ओटीपी डाऊनलोड करताना एकदा येऊन गेला, त्याचं काम संपलं. आता मागतोय तो त्या पीडीएफचा कायमचा पासवर्ड, आणि तो तुला माहीत आहे. आधारवर इंग्रजीत जसं नाव आहे त्याची पहिली चार अक्षरं, मोठ्या लिपीत, आणि त्याला चिकटून जन्मसाल. सुरेश असेल आणि जन्म 1990 चा, तर एस, यू, आर, ई आणि 1990. नाव तीनच अक्षरी असेल तर तीनच घ्यायची. मध्ये जागा सोडायची नाही.